‘सर्वे पूर्ण झाला’ असं मी म्हणालो

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक कित्येक वर्षं माझ्या मागे आहेत. तुमचा जन्म बाजार खात्यात गेला, त्यावर लिहा, म्हणतात. मी दरवेळी दुसरंच काहीतरी हातावर ठेवून सुटलो. एकदा इथल्या, रायपुरातल्या आमच्या तात्यापारा वस्तीतल्या गणेशोत्सवाच्या आठवणी दिल्या, एकदा आईच्या हातच्या सांडग्यांवर लिहिलं, एकदा तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत तेव्हा ठणठणीत होती.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खात्यातला जुना शिपाई मनराखन वारला. त्याच्या घरी बसायला गेलो तेव्हा लक्षात आलं, की माझं एक खोटं माझ्याखेरीज फक्त त्यालाच माहीत होतं. आता मीही बोललो नाही, तर ते घडलंच नाही असं होईल. म्हणून लिहितो आहे. कार्यालयाचं आणि साहेबांचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की वाचणारा तिकडेच बघत बसतो. सही माझी होती.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावं म्हणून थोडं सांगतो. रस्त्यावर विकणाऱ्यांचे आमच्याकडे तीन प्रकार. चाकांवरचा तो ठेला. लाकडाची किंवा पत्र्याची पेटी ती गुमटी. आणि जमिनीवर पोतं अंथरून, पुढे भाजीचे ढीग मांडून बसायचं तो पसरा. ठेलेवाला ट्रक दिसला की ढकलत पळतो. गुमटीवाल्याची कोणाकडे तरी ओळख असते. पसऱ्यावर बहुतेक बायका बसतात. त्यांना पळताही येत नाही आणि त्यांची ओळखही नसते.

रोज सकाळी आमचा माणूस बाजारभर फिरून पावती फाडायचा. तिला ‘बैठकी’ म्हणतात, म्हणजे बसण्याचं भाडं. आणि दुपारी आमचाच ट्रक येऊन त्याच बाईला अतिक्रमण केलं म्हणून उठवायचा. वसुलीवाले आणि ट्रकवाले एकाच इमारतीत बसायचे, एकाच माठातलं पाणी प्यायचे. मी आधी वसुलीत होतो, मग निरीक्षक झालो. भाडं घेतलं तर बसू द्यायला नको का, हा प्रश्न माझ्या नोकरीत मला पुष्कळ लोकांनी विचारला. मी हसून पुढे जायचो. हसणं हा आमच्या खात्याचा सर्वांत स्वस्त जबाब होता.

गमतीही होत्या. कन्हैया नावाचा एक गुपचुपवाला होता. पाणीपुरीला आमच्याकडे गुपचुप म्हणतात. एकदा पथकाने त्याचा ठेला उचलून ट्रकमध्ये चढवला, तर हाही मागोमाग चढला आणि चिंचेच्या पाण्याचा मटका मांडीत धरून बसला. पाणी सांडलं तर उद्याचा धंदा गेला, म्हणे. गोदामात पोहोचलो तर तिथे पोरांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलेलं. ज्यांनी त्याला पकडून आणलं तेच द्रोण हातात घेऊन ‘भैया, थोड़ा तीखा’ म्हणत होते. संध्याकाळी मी दंड न घेताच ठेला सोडला. तो जाताना म्हणाला, “बाबू, इहां ग्राहकी अच्छी है, रोज पकड़ लिया करो.” हा किस्सा मी लग्नाकार्यांत खूप सांगितला आहे. लोक हसायचे आणि मला भला माणूस समजायचे. माझ्याविषयी लोकांना जे माहीत होतं ते एवढंच.

पुढे छत्तीसगढ हे नवं राज्य झालं आणि आमचं गाव राजधानी झालं. शंकर नगरकडे बंगले आणि कार्यालयं वाढली, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. तोवर बाजार भरतो म्हणूनच ज्याला रस्ता म्हणायचे, तिथे आता बाजारामुळे रस्ता अडतो असं लोक म्हणायला लागले. शंकर नगरला जाताना डाव्या हाताला कडुनिंबाच्या झाडांखाली एक भाजीबाजार होता. तो कोणी वसवला नव्हता. बायका येऊन बसल्या, लोक घेऊ लागले, बाजार झाला. माझ्या हद्दीतला तो सगळ्यात जुना पसरा-बाजार.

तिथे आरंगहिन बसायची. आमच्या इकडे लग्न झालेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत आहे. आरंगची लेक ती आरंगहिन, धमतरीची ती धमतरहिन. सासरचं माणूस, शेजारी, बाजार, सगळे तेच नाव घेतात. खरं नाव कुठल्या तरी कार्डावर असतं, त्याला कोणी हाक मारत नाही. आरंगहिन माझ्याच वयाची असेल, एखादं वर्ष इकडेतिकडे. लाल भाजी, चेच भाजी, उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहार, म्हणजे भोकराच्या कळ्यांची भाजी. बोलायला फटकळ. मी नवा नवा पावती फाडायला गेलो तेव्हा तिने पावती उलटसुलट करून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, हा पोरगा कागद देऊन पैसे नेतो, आपण भाजी देऊन नेतो. याचा धंदा बरा. सगळ्या बायका हसल्या. मी कानापर्यंत लाल झालो. तेव्हापासून आमची ओळख.

या बायका आसपासच्या गावांतल्या. घरी थोडं धान, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी आणि वर्षभर पसरा. धान पिकलं की सगळ्या कापणीला गावी जायच्या. जाताना आपल्या जागेवर एक वीट ठेवायची, विटेवर पोत्याचा तुकडा. तेवढ्यावर जागा धरलेली असायची. शेजारची बाई तिथे हातभरही सरकत नसे. नवीन कोणी येऊन बसलं तर बाकीच्या उठवायच्या. रायपूरच्या मोकाट गायी सोडल्या तर त्या विटेला कोणी हलवत नसे. मीही ती रीत पाळायचो. विटेची बैठकी घेतली नाही आणि विटेला अतिक्रमणही म्हटलं नाही. नियमात वीट बसत नव्हती, पण बाजार तिच्यावरच चालत होता.

मग दिल्लीत पथविक्रेत्यांचा कायदा झाला. आमच्या खात्यातून मला प्रशिक्षणाला पाठवलं. मी तो कायदा मन लावून वाचला, आणि खरं सांगतो, वाचताना मला लाज वाटली आणि आनंदही झाला. एवढी वर्षं आम्ही करत होतो त्यातलं बहुतेक त्यात चुकीचं ठरवलेलं होतं. शहरातल्या सगळ्या विक्रेत्यांचा सर्वे करायचा. सर्वे पूर्ण होऊन प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठवायचं नाही. हलवायचं झालं तर महिनाभर आधी नोटीस द्यायची. माल जप्त केला तर यादी करून द्यायची, आणि नासणारा माल त्याच दिवशी परत करायचा. एक समिती करायची, त्यात चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्याच, त्यांनीच निवडलेल्या, आणि त्यांतला तिसरा हिस्सा बायकांना.

मी परत आलो आणि कोणी सांगितलं नसताना बाजारात जाऊन बायकांना हे समजावलं. झाडाखाली उकिडवा बसून, मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत. त्या भाजीवर पाणी शिंपडत ऐकत होत्या. आरंगहिनने विचारलं, म्हणजे सर्वे होईस्तोवर ट्रक नाही? मी म्हटलं, नाही. आणि सर्वे झाल्यावर कागद मिळणार, मग तर मुळीच नाही. ती म्हणाली, कायदा करणाऱ्याची बायको भाजी विकत असेल. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला दिवस. तो दिवस आला नसता तर पुढचं एवढं झोंबलं नसतं.

सर्वे लवकर आला नाही. सरकारी काम. पुढे कितीतरी काळ नुसती पत्रं फिरत होती. दरम्यान शंकर नगरमधल्या आपल्याच मंडळातल्या एका काकू दर महिन्याला बाजाराविरुद्ध अर्ज द्यायच्या. यजमान मंत्रालयात मोठ्या जागेवर. मला घरी बोलावून, चहा देऊन सांगायच्या, “अहो, आपले म्हणून सांगते. फाटकाबाहेर पडलं की सगळा देठा-पानांचा चिखल. पाहुण्यांना काय वाटत असेल? राजधानी आहे ही आता.” मी मान हलवायचो. निघताना त्या हमखास म्हणायच्या, “आणि हो, त्या म्हातारीकडे बोहार भाजी आली की निरोप द्या हं. तिच्यासारखी निवडून कोणी देत नाही.”

शेवटी सर्वेचा हुकूम आला तो नेमका धान पिकायच्या सुमाराला. काम बाहेरच्या एका एजन्सीला दिलं होतं. हातात टॅब घेतलेले शहरी मुलगे. नियम असा, की विक्रेता आपल्या जागेवर, आपल्या मालासकट हजर पाहिजे; फोटो निघाला तर नंबर. मला देखरेखीला नेमलं. तारखा कळल्याबरोबर मला कळायला हवं होतं. कळलंही. पण वाटलं, सर्वे म्हणजे काय एका दिवसाचं काम आहे? पुन्हा फेरी होईल. कायद्यात तसंच आहे.

जायच्या आदल्या दिवशी आरंगहिनने मला हाक मारून थांबवलं. गाठोडं बांधलेलं होतं, वीट बाजूला काढून ठेवलेली होती.

“धान लुए बर जावत हंव, बाबू. सर्वे वाला मन आही त मोर जगा के का होही?”

कापणीला जाते आहे, सर्वेवाले आले तर माझ्या जागेचं काय होणार, एवढंच तिनं विचारलं. ती थांबलीही असती. सुनेला कापणीला पाठवून, आपल्या मजुरीचा तोटा सोसून थांबली असती. मी नुसतं ‘थांब’ म्हणायचं होतं. मी म्हणालो:

“जा. तोर जगा कहां जाही? मैं तो हंव.”

मी आहे ना, असं मी म्हणालो. ते बघून आणखी बायकांनीही गाठोडी बांधली. बाबू आहे म्हटल्यावर झालं.

सर्वेचे मुलगे आले तेव्हा झाडांखाली माणसांपेक्षा विटा जास्त होत्या. मी त्यांना प्रत्येक वीट दाखवून सांगितलं, ही आरंगहिनची, ही धमतरहिनची. एक मुलगा सभ्यपणे म्हणाला, “सर, ईंट का फोटो लूँ क्या?” दुसरा हसला. मीही हसलो, सवयीने. राहिलेल्या बायकांचे फोटो निघाले, नंबर पडले. विटांना नंबर पडले नाहीत. मी कागदावर शेरा मारला की कापणीमुळे बरेच विक्रेते गैरहजर आहेत, दुसरी फेरी आवश्यक.

त्या शेऱ्यावरून साहेबांनी मला बोलावलं. तरुण माणूस, हुशार, आवाज कधी चढवला नाही. रस्ता रुंद व्हायचा होता, कठडा आणि फुलझाडं लागायची होती, कोणीतरी मोठं येणार होतं. त्यांनी माझा शेरा माझ्याकडे सरकवला.

“आप तो कानून जानते हैं. सर्वे पूरा होने तक किसी को हटा नहीं सकते.”

मी म्हटलं, जी.

“तो सर्वे पूरा कर दीजिए.”

मला समजायला थोडा वेळ लागला. या बायकांना वाचवायला जे कलम लिहिलं होतं, त्याच्यातूनच दार काढलं होतं. सर्वे पूर्ण झाल्याचा दाखला लागणार होता, आणि तो हद्दीच्या निरीक्षकाच्या सहीनेच चालणार होता. दुसऱ्या फेरीचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, अगले सर्वे में देख लेंगे. कायद्यात पाच वर्षांनी पुन्हा सर्वे आहे. ते खोटंही बोलत नव्हते.

बाहेर व्हरांड्यात लांजेवार भेटला. माझ्याच खात्यातला, गोंदियाकडचा, जुना सोबती. त्याला सगळं सांगितलं. तो तंबाखू मळत म्हणाला, “काहून एवढं डोक्याले लावून घेऊन राहिला, भाऊ? तुले रिटायर व्हाले दिवस किती राहिले? आता चौकशी लागली तं पेन्शन अडकते. त्या बाया कुठंबी बसतीन. त्यायले सवय हाय.” लांजेवार वाईट माणूस नव्हता. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला, म्हणून तर मी त्याला सांगितलं होतं.

मी एक पळवाटही शोधली. वाटलं, आरंगहिनचं नाव तरी यादीत घुसवतो. कागद समोर ओढला. नाव, नवऱ्याचं नाव, गाव. इतक्या वर्षांच्या ओळखीत मला तिचं नाव माहीत नव्हतं. सासरचं गावही नाही. माहेर तेवढं हाकेतच होतं. विचारायला ती नव्हती आणि जाऊन शोधायला मला वेळ नव्हता. म्हणजे वेळ होता. तीन चार गावं पालथी घातली असती तर सापडली असती. मी कागद बाजूला ठेवला.

सही तरीही एवढी अवघड गेली नाही. अवघड गेली ती समितीची बैठक. त्यात बाजाराकडून केजाबाई होती. केळी विकायची, अंगठाबहाद्दर, पण बायकांनी तिला निवडून दिली होती. गोल टेबल, पाण्याच्या बाटल्या, सगळे भराभर बोलत होते. सर्वे पूर्ण झाल्याचा ठराव वाचला गेला. केजाबाई म्हणाली, थांबा. सगळ्यांची नावं चढली का? साहेब म्हणाले, रिपोर्ट में लिखा है. तिनं साहेबांकडे बघितलंच नाही. भिंतीशी मागच्या खुर्चीवर मी बसलो होतो, तिकडे वळली.

“बाबू कहि दिही त मैं मान लेहूं.”

बाबू म्हणाले तर मी मानते. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघू लागले. मला वाटतं, मी तेव्हा ‘नाही’ म्हटलं असतं तर ठराव अडला असता. केजाबाईने अंगठा दिला नसता आणि बाकीच्या विक्रेत्यांनीही नाही. मला थोडा त्रास झाला असता, पेन्शन रखडली असती, आणि दुसरी फेरी झाली असती. एवढंच. जन्मभर मी हेच सांगत आलो की आमच्या हातात काही नसतं. त्या एका वेळी होतं.

“हव, चढ़ गे हे,” मी म्हणालो.

तिनं अंगठा उठवला.

ट्रक सकाळी आले. नंबरवाल्यांना नाल्यापलीकडच्या शेडमध्ये जागा दिल्या. तिथे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, पुढे त्यांतल्याही बऱ्याच जणी उठून गेल्या. विटा एका पोराने फावड्याने गोळा करून ट्रकमध्ये टाकल्या. विटांच्या जागी नोटीस लावायचा प्रश्नच आला नाही. तिथे कोणी विक्रेता असल्याची नोंद नव्हती. सगळं कायद्याने झालं. मी पंचनाम्यावर लिहिलं, ‘स्थळ रिक्त आढळले.’ महिन्याभरात तिथे कठडा आला, फुलझाडं आली, शहराच्या नावाची मोठी अक्षरं आली. काकूंचा अर्ज बंद झाला. एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, सुरेख झालं, पण आता भाजीला फार लांब जावं लागतं बाई.

कापणी उरकून बायका परत आल्या. आरंगहिन सरळ कार्यालयात आली. मी खिडकीतून तिला आवारात शिरताना बघितलं. डोक्यावर टोपली, बरोबर कोणी नाही. मनराखन वर येऊन म्हणाला, तुम्हाला भेटायला बाई आली आहे. मी म्हटलं, सांग बाबू नाही. तो गेला आणि परत आला. ती म्हणते बसते. मग मी जे म्हणालो ते मनराखनने कोणाला सांगितलं नाही, आणि त्यानंतर त्याने माझा चहाही कधी आपणहून आणला नाही. मी म्हणालो, “सांग, बाबू रिटायर झाले. तिचं काम करणारं आता इथं कोणी नाही.”

माझी निवृत्ती अजून व्हायची होती. थोड्याच दिवसांनी ते खरंही झालं. मी मागच्या जिन्याने उतरून घरी गेलो. तिचं पुढचं मनराखनने नंतर सांगितलं. पायरीवर बराच वेळ बसली होती. उठताना तिनं एवढंच विचारलं, की बाबूची तब्येत बरी होती ना.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती कठड्याबाहेर बसू लागली, तर पथकाने दोनदा उठवलं. एकदा टोपली नेली. नासणारा माल त्याच दिवशी परत करायचा असतो, पण तो प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला, असा अर्थ आमच्या लोकांनी लावला होता. कायद्यात तसं कुठेच नाही. लाल भाजी गोदामाच्या अंगणात सडली. त्यानंतर तिनं बसायचं सोडून दिलं आणि टोपली डोक्यावर घेऊन गल्ल्यांतून फिरू लागली. त्या वयात. बसून विकणाऱ्या बाईला फिरून विकता येत नाही असं नाही, पण गुडघे दोनच असतात.

माझी निवृत्ती थाटात झाली. शाल, श्रीफळ, भाषणं. लांजेवार बोलला, की गरिबांचा कळवळा असलेला असा अधिकारी होणे नाही. आणि त्याने कन्हैयाचा किस्सा सांगितला. सगळे हसले.

निवृत्तीनंतर मी ठरवलं होतं की तिला शोधून सगळं सांगायचं. केजाबाईलाही सांगायचं होतं. ती निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात वारली. आरंगहिन कुठे फिरते, ते विचारत मी दोन तीनदा पुरानी बस्तीपर्यंत जाऊनही आलो. वाक्य तयार होतं. छत्तीसगढीत तयार केलं होतं, कारण मराठीत ते माझंच समाधान झालं असतं. ‘मैं उहें रेहेंव. दसखत मोर रिहिस. केजाबाई ला घलो मैंच झूठ बोलेंव.’ मी तिथेच होतो, सही माझी होती, केजाबाईशी खोटं मीच बोललो. तेवढंच, पुढे काही नाही. मजबूर होतो वगैरे नाही.

मला ती सापडली नाही. तीच आमच्या दारात आली.

सकाळची वेळ होती. तात्यापाऱ्यात आमच्या गल्लीत हाक ऐकू आली आणि मी आवाज ओळखला. बायकोने तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी आतल्या दारामागे उभा. बायको म्हणाली, “अहो, काहून आत उभे राहिले? या ना, ताजी भाजी आहे.” मी बाहेर आलो.

तिनं मला बघितलं आणि उठायला लागली. मी बस म्हटलं. तोंड पुसून ती माझ्या बायकोलाच सांगू लागली, की हे आमचे बाबू, हे असताना आम्हाला कोणी हात लावला नाही. मग माझ्याकडे वळली. आवाजात तक्रार नव्हती. उलट मला वाईट वाटू नये म्हणून बोलत होती.

“तुमन के का दोस, बाबू. तुमन त रिटायर हो गे रेहेव. तुमन रहितेव त मोर जगा नइ जातिस.”

तुमचा काय दोष, तुम्ही असता तर माझी जागा गेली नसती. इतकी वर्षं ती हे धरून होती. मनराखनकडून मी पाठवलेलं खोटं तिनं जपून ठेवलं होतं, आणि माझं नाव त्यात चांगलं राहिलं होतं. मी बोललो असतो तर तिची जागा परत मिळणार नव्हती. एक भरवशाचा माणूस होता, तोही गेला असता. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खरं कारण नव्हतं. खरं कारण हे, की बायको शेजारी उभी होती आणि आरंगहिनच्या डोळ्यांत मी अजून चांगला होतो.

“हव,” मी म्हणालो. आणि विचारलं, लाल भाजी कशी दिली.

तिनं दोन जुड्या निवडून काढल्या, वाईट पानं खुडली. बायको पैसे देऊन आत गेली. ओट्यावर आम्ही दोघंच. भरलेली टोपली एकटीला डोक्यावर घेता येत नाही; समोरच्या माणसाला दोन्ही हातांनी उचलून द्यावी लागते. पैसे घेऊन झाल्यावर ती म्हणाली, थोडी उचलून द्या बाबू, गुडघे ऐकत नाहीत. चुंबळ डोक्यावर नीट बसवून ती खाली वाकली. मी टोपली धरली. तीही धरून होती. आम्ही मिळून ती वर नेली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि वाक्य तोंडाशी होतं. पहिला शब्द तर ओठांवर आला होता. ‘मैं.’

“बस बाबू, होगे,” ती म्हणाली.

मी हात सोडले.